डॉलीवरची गाडी

बस भावा, चहा घे. तो संपायच्या आत तुला आमच्या कासमचं सांगून टाकतो.

ती बघ, पंपाजवळ माझी कॅरव्हॅन उभी आहे. वाळवंटात राहायला जाणाऱ्यांना आमचा कफील, म्हणजे इथला मालक, भाड्याने देतो. तिकडे फिरायला त्यांना छोटी गाडी पण लागते. ती पूर्वी कासम माझ्या मागून चालवत आणायचा. मला झोप लागू नये म्हणून मधनंच हेडलाइट मारायचा. म्हणजे, आहे रे मी.

मग सौदीकरण आलं, नोकऱ्या आधी इथल्या सौदी लोकांना. कफील म्हणाला, "आता परदेशी ड्रायव्हर एकच ठेवणार." कासमच्या जागी ही डॉली आली, कॅरव्हॅनच्या मागे जोडायची दोन चाकांची ट्रॉली. छोट्या गाडीची पुढची चाकं हिच्यावर बांधायची, मागची रस्त्यावर पळतात. आत माणूस लागत नाय.

कासम तिला लाथ मारून हसला. "हिला इकामा नको, राहायचा परवाना नको, जेवण पण नको!"

घरी जायच्या दिवशी तो झोपेतनं उठलाच नाय. इथल्याच मातीत दिला त्याला.

आज भर दुपारी आरशात मागच्या छोट्या गाडीचा हेडलाइट चमकला. म्हटलं, ऊन असेल. परत चमकला. अरे, तिच्या बॅटरीची वायर मी स्वतः काढलेली, चावी माझ्या खिशात!

इथे थांबून तिचं दार उघडलं. बाहेर पत्रा भाजत होता, आणि आतनं थंडगार हवा आली. कुणी आत्ताच एसी बंद केल्यासारखी.

दार तसंच टाकून आलोय. माझ्याच्याने बोलवत नाय, तू जरा जा ना भावा. आत कोण दिसलं तर एवढंच सांग, "कासम, काम खलास झालं रे. बायको वाट बघतेय. घरी जा आता."