कढई

शालूबाईचा लेक गुंडा एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाल्याची तार आली. दीर सयाजी पलटणीतला जुना शिपाई, वाचून म्हणाला, “वैनी, बेपत्ता म्हंजे गेलाच समजा.” सुनेच्या बांगड्या फोडायला भावकीतल्या बाया अंगणात जमल्या. शालूबाईनं चुलीवर तेलाची कढई चढवली, भाजणीचं पीठ मळलं आणि गुंडाच्या आवडीची कडबोळी वळायला घेतली. सुतकाच्या घरात तळण करत नाहीत. वास आला तशा बाया उंबऱ्यावरच थबकल्या. “वैनी, याड लागलं का? उतरवा ती कढई!” सयाजी ओरडला. “माझ्या घरात सुतक न्हाई!” शालूबाई म्हणाली. कढई उतरली की बाया आत येणार. पीठ संपत आलं. शेवटचा गोळा तिनं अर्धा केला, मग त्याचाही अर्धा. तेवढ्यात माजघरात जातं घरघरलं. सून भाजणी दळत होती. हातभर बांगड्या वाजत होत्या.