फ्रॉकला शिवलेला रुमाल

दिल्ली कँटमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये वृंदाने मुलांसाठी शिवणाचा क्लास काढला आणि भलीमोठी सतरंजी अंथरली. पहिल्या दिवशी आली ती वरच्या मजल्यावरची सात वर्षांची अवनी, एकटी. मांडीवर रुमाल घेऊन, जीभ बाहेर काढून तिने तासभर धावदोरा घातला. उठून बघते तर रुमाल फ्रॉकलाच शिवलेला! वृंदाने उसवायला कात्री उचलली, तशी ती ओरडली, “नको काकू, सगळ्यांना दाखवायचाय!” आणि रुमाल लोंबवत पळालीसुद्धा. कॉलनीभर आपलं हसं होणार, क्लास संपलाच, म्हणत वृंदाने सतरंजी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी दारात चपलांचा ढीग. “आंटी, हमें भी ऐसी फ्रॉक बनानी है!” वृंदाने सतरंजी पुन्हा अंथरली, ती भरून गेली. सगळ्यांच्या मागून अवनी आली, रुमाल अजून फ्रॉकलाच. “काकू, मी कुठे बसू?” वृंदाने मशीनपुढची आपली खुर्ची ओढणीने पुसली. “तू इथे बसायचंस.”