चौथं बेट

पौर्णिमाबाईंनी नकाशाचं पुस्तक उघडलं आणि आफ्रिका नि मादागास्करच्या मधल्या समुद्रावर बोट टेकवलं. चार ठिपके होते. तेल्हाऱ्याच्या याच शाळेत त्यांच्याकडे भूगोल शिकलेली जेबा वाकून पाहू लागली.

"हे तीन कोमोरोस. स्वतंत्र देश. तुझा नवरा या अंजुआनवर होता. आणि हे चौथं, मायोत. इथं फ्रान्सचं राज्य."

"फ्रान्स तं थंडीचा मुलूख हाये ना, बाई?"

"हो. पण हे बेट त्यांच्याकडेच राहिलं. कोमोरोस म्हणतं आमचं, फ्रान्स म्हणतं आमचं."

जेबानं दोन ठिपक्यांच्या मधे नख ठेवलं. तेवढीही जागा नव्हती.

लागोपाठ तीन वर्षं कपाशी बुडाली, जिनिंग फॅक्टरी बंद पडली, तेव्हा जेबाचा नवरा साजिद बांधकामावर तिकडं गेला. मुकादम सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन पळाला. शेजारच्या मायोतवर काम मिळतं असं ऐकून तो मासेमाराच्या नावेत चोरून बसला. चार दिवसांपूर्वी ती नाव उलटली. काही माणसं इकडच्या किनाऱ्याला लागली, काही तिकडच्या. काही कुठंच नाही.

"मंग अर्ज कोनत्या सरकारले करू?"

"दोन्ही सरकारांना करू," म्हणत बाईंनी कागद ओढला.

तेवढ्यात जेबाचा मोबाइल वाजला. साजिदसोबत गेलेला कुर्बान अंजुआनहून बोलत होता. ती उभ्यानं ऐकत राहिली, मग भिंतीला धरून खाली बसली.

"जिंदा हाये, बाई. फ्रान्सवाल्या बेटावर. दवाखान्यात."

बाईंचे डोळे भरून आले. "सुटलीस गं पोरी."

जेबा रडली नाही. "परवा त्याले वापस अंजुआनले सोडून देनार हाये. कागद नाही ना त्याच्यापाशी."

"मग तर बरंच झालं."

"काहाचं बरं? डोळे उघडल्यावर त्यानं कुर्बानभाईले पयला फोन केला. इचारलं, अंजुआनहून इकडं यायले दुसरी नाव कवा निघते. त्याले पोहता येत नाही, बाई."

वर्गातून पाढ्यांचा आवाज येत होता. जेबा उठली आणि तिनं कोरा कागद बाईंच्या पुढं सरकवला.

"लिहा. फ्रान्सच्या सरकारलेच लिहा. सोडू नका म्हना त्याले. जेलात ठेवा."

बाईंचं पेन अडलं. "गुन्हा कोणता लिहू, जेबा?"

"काईबी लिहा. मोठा लिहा."