गाडीच्या पत्र्यावर

उखळी तोफेची ती गाडी आघाडीवरून दुरुस्तीसाठी आमच्याच वर्कशॉपमध्ये आली. तिच्यात गोळे भरणारा माझा मुलगा त्याआधीच शवपेटीतून घरी आला होता.

उमेदीत मीही त्याच तोफेवर होतो. गोळा नळीत सोडण्याआधी भरणारा गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारतो. मग बाकीच्यांनी कान घट्ट झाकायचे आणि तोंड उघडं ठेवायचं. म्हातारा झालो तरी ही सवय हाडीमासी खिळलेली.

दुपारी गाडीखाली पडून मी नट सोडवत होतो. वर, रिकाम्या गाडीत, कुणीतरी पत्र्यावर दोन थापा मारल्या.

माझे हात आपसूक कानांवर गेले. बार काही उडाला नाही. हात काढले तेव्हा सगळं शांत होतं.

बाहेर आलो तर वर्कशॉपमधला रंगारी पांढराफटक पडून उभा होता. त्याच्या ब्रशातून रंग बुटावर ठिबकत होता.

"काका, ओ का नाही दिलीत?" तो म्हणाला. "'बाबा, बाबा' म्हणून किती हाका मारल्या त्यानं."

मी पत्र्याला कान लावला. "बोल राजा," म्हटलं, "ऐकतोय मी."

आतून दोन थापा पडल्या.

आणि माझे करंटे हात पुन्हा कानांवर गेले.