साधा चेहरा

"अरे मामा, दार उघडंच आहे. जा की आत!" भाची मागून म्हणाली.

मामा वर्गाच्या उंबऱ्याशीच थांबला होता. सवयच ती त्याची. कुणी 'या' म्हटल्याशिवाय हा माणूस कुठल्याच खोलीत पाऊल टाकायचा नाही. गल्लीत त्याची भारी थट्टा व्हायची. अख्ख्या गल्लीच्या दारांना कुलपं बसवली यानं, आणि स्वतःच्या खोलीला साधी कडी नाही! मामा हसायचा. "न्यायला आहे काय माझ्याकडे? आणि बंद खोलीत मला झोप लागत नाही बुवा."

आज तर स्वारी एकदम खुशीत होती. इस्त्रीचा शर्ट काय, केसांना तेल काय! भाचीनं, म्हणजे त्याच्या लाडक्या चिमणीनं, कॉलेजात बोलावलं होतं. ती गुन्हेगारीशास्त्र शिकत होती, पहिलंच वर्ष. बाईंनी एक प्रयोग ठेवला होता. चार माणसं फळ्यासमोर उभी करायची. त्यातलं एकजण खरोखर तुरुंगात जाऊन आलेलं. मुलांनी नुसता चेहरा बघून ओळखायचं.

"तू फक्त उभा राहा," चिमणी म्हणाली होती. "तुझ्यासारखा साधा चेहरा हवाय. मार्क आहेत रे त्याला!"

मार्क म्हटल्यावर मामा कशाला नाही म्हणतोय? ताई सांगायची, तो लांबच्या कारखान्यातली नोकरी सोडून परत आला तेव्हा चिमणी एवढीशी होती. अनोळखी माणूस बघून भोकाड पसरलं तिनं. मामानं तारेनं कुलूप उघडून दाखवलं, आणि तिनं रडता रडता टाळी वाजवली. हात ओंजळीसारखे वाकवून, पोकळ, टपटप. मोठी झाली तरी टाळी तीच. त्या टाळीपायी मामानं काय वाट्टेल ते केलं असतं. लग्न नाही, संसार नाही. ताई आणि ताईची ही पोर, बास.

निघताना ताईचा फोन आला होता. "जाऊ नकोस रे. आधी मला तुझ्याशी बोलायचंय."

"संध्याकाळी बोल की, ताई. उशीर होतोय."

"अरे, ऐक तरी..."

मामानं फोन ठेवला. ताई काय, सकाळ झाली तरी काळजी करते.

"अय्या, मामा! तुम्ही?" पहिल्याच बाकावर गल्लीतली मुलगी. तिची आई बाहेर जाताना घराची चावी मामाच्याच दुकानात ठेवायची. मामानं तिला हात केला.

चौघं ओळीत उभे राहिले. मामाचा नंबर चौथा.

बाई सांगायला लागल्या. "पूर्वी मोठमोठे विद्वान लोकांचे जबडे मोजायचे, कान मोजायचे. म्हणायचे, गुन्हेगार जन्मतःच तसा दिसतो. आपण हसतो त्यांना. पण रोज करतो तेच, फक्त हातात पट्टी नसते."

मामाला राहवेना. तोही हळूच बाजूला बघायला लागला. यातलं कोण असेल? गालावर मोठा वण असलेला जाड्या? छे, हा फारच मोकळा हसतोय. दंडभर गोंदलेला पोरगा? तो तर जांभया देतोय. मग ओळीतली ती तिसरी बाई. ताठ उभी, हात पाठीमागे, नजर जमिनीवर. हीच! मामाचा जीव तुटला. एवढ्या पोरांसमोर उभं करायचं बिचारीला! त्यानं तिच्याकडे बघून मान हलवली. घाबरू नका, अशा अर्थानं.

"एक नंबर?" वणवाल्यासाठी अर्धा वर्ग हात वर. "दोन?" गोंदलेल्यासाठी उरलेला बराचसा. "तीन?" त्या ताठ बाईसाठी थोडे. "चार?"

एकही हात नाही.

"मामा? काहीतरीच काय!" गल्लीतली मुलगी म्हणाली. "आमच्या घराच्या चाव्या असतात त्यांच्याकडे!"

सगळे हसले. मामाही हसला, आणि त्याचे डोळेच भरून आले. एवढ्या लोकांसमोर उभं राहून असा निकाल ऐकायला मिळेल, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. त्यानं चिमणीला शोधलं. खिडकीपाशी होती. खाली बघत होती.

"चला, आता खरं काय ते," बाई म्हणाल्या. "तुम्ही?"

"पावभट्टी आहे माझी," वणवाला म्हणाला. "भट्टीनंच चटका दिलाय."

"मी रुग्णालयात परिचारक. रात्रपाळी करून आलोय."

"पोहणं शिकवते मी," ती ताठ बाई म्हणाली. "आणि एवढी पोरं बघून पोटात गोळा आलाय माझ्या."

हास्याचा कल्लोळ. मामा पुढे सरकला. कुलपं दुरुस्त करतो, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि हे. घरफोडीसाठी सहा वर्षं तुरुंगात होते. भाचीला हे नुकतंच आईकडून कळलं. तिनं विचारलं, आणि हे स्वतःहून तयार झाले, असं ती मला म्हणाली. केवढं धैर्य लागतं! टाळ्या!"

पहिल्या बाकावरच्या मुलीनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग खिडकीकडून पहिली टाळी आली, पोकळ, टपटप, आणि मामाला मान वर करायची गरजच पडली नाही.