उखळाची मुभा

‘‘जे मनात साचेल ते उखळापाशी गा. मुसळ हातात आहे तोवर तुला कुणी अडवणार नाही. नवरा नाही, सासू नाही, मुखियाही नाही. धान्य कांडून होईपर्यंत त्यानेसुद्धा बसून ऐकायचं असतं. पण मुसळ खाली ठेवलंस की ओठ मीट.’’

लग्नाच्या दिवशी आत्याने सांगितलं होतं. न्याम्हांगोने ते एकवीस वर्षं नेमासारखं पाळलं. आणि आज तिच्याच अंगणात तिचं मुसळ कुम्वेंडाच्या हातात होतं.

कुम्वेंडा पक्षाच्या पोरांचा म्होरक्या. छातीवर बिल्ले लावलेले चौघे त्याच्या बरोबर होते. त्यांतल्या दोघांनी तिच्या नवऱ्याला, योताम मास्तरांना, गुडघ्यांवर दाबून धरलं होतं. भुवईतून गळलेलं रक्त मास्तरांच्या दाढीत थिजलं होतं. याच कुम्वेंडाला त्यांनी पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं होतं.

‘‘अक्षर अजून सुरेख आहे हो तुमचं, मास्तर,’’ कुम्वेंडा म्हणाला. शाळेच्या झडतीत सापडलेली वही त्याने उघडली आणि मोठ्याने वाचलं.

खुर्ची तुझी, मुखिया, लाकूड आमच्या रानाचं.
वाळवी लागेल तेव्हा आम्हांला हाक मारू नकोस.

एक पोरगा हसला. कुम्वेंडाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो गप्प झाला.

मास्तरांचा उजवा हात पोरांनी उखळात घातला, पार कोपरापर्यंत. तळाशी सकाळचा मका होता, अर्धा कांडलेला. कुम्वेंडाने विचारलं, कुणी रचलं. मास्तर म्हणाले, मी. मुसळ खाली आलं. हाडं मोडल्याचा आवाज मक्यात दबून वर आला.

मग कुम्वेंडा घाम पुसत शेजारी उकिडवा बसला आणि समजुतीच्या सुरात बोलू लागला. कांडणाच्या गाण्याला गुन्हा नाही, त्याची स्वतःची आईही उखळावरून मुखियाला नाही नाही ते बोलायची. पण हे कागदावर आहे आणि पुरुषाच्या हातचं आहे. कुठल्या बाईकडून ऐकलं तेवढं सांगा आणि सुटा. हातात मुसळ नसताना ती काय काय बोलते, ते तिलाच विचारू.

मास्तर पुन्हा म्हणाले, मी.

न्याम्हांगो दारात उभी होती. गाणं तिचं होतं. ती कांडताना गायची आणि मास्तर ओट्यावर बसून उतरवून घ्यायचे. कागदावर नको, कागदाला उखळ नसतं, असं तिने दोनदा बजावलं होतं. माणूस गेलं की आवाज जातो, कागद राहतो, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ठरलं ते असं, की वही सापडली तर नाव त्यांचं, आणि गाणं मुखियासमोर पुरं करायचं तिने. बायबलवर हात ठेवून तिने कबूल केलं होतं. पण ती वेळ खरंच येईल असं तेव्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

तिने बोलायला तोंड उघडलं. मास्तरांनी मान वर केली.

‘‘मुसळ तुझ्या हातात नाही,’’ ते म्हणाले.

‘‘काकूंना कशाला हवं मुसळ? मी कांडतोय ना,’’ कुम्वेंडा म्हणाला, आणि या वेळी पोरांनी हसायला त्याची हरकत नव्हती.

मुसळ आणखी तीनदा हातावर आलं. चौथ्यांदा डोक्यावर. ट्रकमध्ये टाकलं तेव्हा मास्तरांचे डोळे उघडे होते, पण ते काही बघत नव्हते.

जाता जाता कुम्वेंडाने मुसळ तिच्या पायांपाशी फेकलं. दुपारी राजधानीतून मंत्री येणार होता. मुखियाच्या अंगणात तीनशे माणसांसाठी मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा शिजायची होती आणि त्या पिठासाठी घरटी एक बाई कांडायला हवी होती. सुतकाची सूट कुणाला नव्हती.

‘‘आपलं मुसळ घेऊन या, काकू,’’ तो म्हणाला. ‘‘अगदी पुढे उभं राहायचं, मुखियाच्या खुर्चीसमोर. मास्तरांचं घर वळणावर आलेलं त्यांना दिसलं पाहिजे.’’

ट्रक गेला. सरोवरावरचा वारा अंगणात धूळ फिरवत राहिला. न्याम्हांगोने उखळातला मका फडक्यात काढला, आंब्याखाली खड्डा करून पुरला, आणि रोजची प्रार्थना रोजच्याइतकीच हळू म्हटली. मुसळ तीन पाण्यांनी धुतलं. लाकडाच्या रेषांतला लाल रंग काही गेला नाही.

कमरेला गुंडाळलेलं चितेंजेचं कापड तिने घट्ट आवळलं, मुसळ खांद्यावर घेतलं आणि ती मुखियाच्या अंगणाच्या वाटेला लागली. वहीत पहिलंच कडवं होतं. उरलेली सात तिने चालता चालता, ओठ मिटून, मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिली.