एकमत

हॉटेलच्या दारातच संग्रामने वेताची टोपली पुढे केली. "ताई, मोबाइल. दिल्लीचा हुकूम आहे, माझा नाही."

लूर्डसने मोबाइल टोपलीत टाकला. आत आधीच वीसेक मोबाइल होते, सगळे नव्या नगरसेवकांचे. महिन्यापूर्वी ती पाचूबंदरला मासळी विकत होती. आता ती नगरसेविका होती, अपक्ष, आणि तिच्या एका मतावाचून दोन्ही पक्षांचा महापौर अडला होता. संग्राम त्यातल्या एका पक्षाचा माणूस. निवडीच्या दिवसापर्यंत कुणी फुटू नये म्हणून त्याने सगळ्यांना राज्याच्या हद्दीपलीकडच्या या डोंगरावर आणलं होतं. "कुटुंबासकट चला," तो म्हणाला होता. "सहलच समजा."

सहल हा शब्द लूर्डसच्या घरात कधी कुणी उच्चारलाच नव्हता. माऊंट मेरीच्या जत्रेलासुद्धा सगळी मिळून कधी गेली नव्हती. होडी असते, जाळी असतात, किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील सुकत असतात; कुणीतरी मागे राहायलाच लागतं. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण सगळ्यांनी मिळून दाराला कुलूप घातलं ते या वेळी पहिल्यांदा. तिचा नवरा नेल्सन, लेक मेलिसा आणि सासरे फ्रान्सिस. म्हाताऱ्याने पन्नास वर्षं दर्यावर काढली. डोंगर त्याने पाहिला तो होडीतूनच, आपलं बंदर कुठे राहिलं ते ओळखण्यापुरता.

आता तो दिवसभर गॅलरीत उन्हाला बसून असायचा. "बाय, लांबून हा निळा दिसतो," तो लूर्डसला म्हणाला. "जवळ आल्यावर सगळा हिरवा."

दुसऱ्या दिवशी लूर्डसने संग्रामला गाठलं. "मला लिहून द्या. बोंबील सुकवायची जागा किनाऱ्यावरच्या नव्या रस्त्याला जानार नाय. लोकांनी त्याच्यासाठीच निवडून दिलाय मला."

"देऊ की. महापौर बसू दे आमचा." संग्राम हसला. "ताई, तुम्ही केवढ्या मोठ्या झालात, कळतंय का? दिल्लीहून रोज फोन येतो. ताई जेवल्या का, ताईंच्या सासऱ्यांना थंडी सोसते का."

लूर्डसला हसू आलं. दिल्लीचं राजकारण म्हणजे टीव्हीवर भांडणारी माणसं, मालिकेची वेळ झाली की बंद करायची, एवढंच तिला ठाऊक होतं. तिथे बसलेल्या कुणाला आपल्या घरातल्या म्हाताऱ्याची थंडी माहीत असावी, हे तिला झेपेना. पण त्याच दमात तिला वाटलं, एवढी जर माझी गरज आहे, तर एक कागद का नाही देणार?

कागद आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिला कुणी धमकावलं नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. दर्याकाठी वाढलेली मेलिसा हॉटेलच्या तलावात पोहायला शिकली. नेल्सनच्या कपाळावरची आठी कधी नव्हे ती सुटली होती.

"देऊन टाक ना मत," तो म्हणाला. "जागा काय, कोन बी आला तरी घेनारच. पपांना बघ जरा. परत कधी येनार आपन?"

लूर्डसने गॅलरीतल्या सासऱ्याच्या पाठीकडे पाहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी तिने नेल्सनला बॅगा भरायला सांगितलं आणि ती खाली उतरली. संग्राम एकेकाचा मोबाइल परत करत होता.

"संग्रामभाऊ, कागद नाय तर माझा मत पन नाय."

संग्रामला राग आला नाही. त्याने टोपलीतून तिचा मोबाइल शोधला आणि तिच्या हातात दिला. "नाही दिलंत तरी चालेल, ताई. दिल्लीत दोन्ही पक्षांचं पहाटे जमलं. महापौर बिनविरोध. मतदानच नाही."

"आनि जागा?"

"तीही त्यातच ठरली. रस्त्याचा ठराव पहिल्याच सभेत येईल." त्याने घड्याळ पाहिलं. "बारापर्यंत खोल्या सोडा. आणि बसमध्ये आमचीच माणसं मावत नाहीत. तुमचं तुम्हाला बघावं लागेल."

तीन एस्ट्या बदलून सगळी घरी आली.

पहिल्या सभेला लूर्डस मेलिसाने लिहून दिलेलं भाषण घेऊन गेली. रस्त्याचा विषय पुकारला तशी ती उठली. "माझा विरोध आहे," ती म्हणाली, पण तिच्यासमोरचा माइक बंद होता. दोन्हीकडच्या बाकांवर थापा पडल्या. "मंजूर! मंजूर!" असा चहूकडून गलका झाला. लूर्डस विरोध म्हणून ओरडली, तेही त्या थापांत बुडालं. सचिवाने पुढचा विषय वाचायला घेतला. ती उभीच होती. शेवटी शेजारच्याने तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली. कॅथरीन तिची वाट बघत होती. वीस वर्षं दोघी शेजारी बसून मासळी विकत आल्या होत्या. निवडणुकीत कॅथरीनने आपली पाटी बाजूला ठेवून तिच्यासाठी दारोदार मतं मागितली होती. तिच्या मांडीवर वर्तमानपत्र उघडं होतं. अक्षरांवर बोट ठेवत, अडखळत तिने वाचलं, "किनारा रस्त्याचा ठराव... एक... मताने... मंजूर."

तिने मान वर केली.

"एका मतानं," ती म्हणाली. "म्हंजे तुझ्याच ना, लूर्डस?"